रक्ताची गुठळी आणि आरोग्याचे राजकारण

शस्त्रक्रिया यशस्वी होते, रुग्ण बोलू-खाऊ लागतो, घरी सोडण्याचा दिवसही ठरतो. आणि सहाव्या-सातव्या दिवशी खाटेवरून उठून संडासाकडे जाताना तो कोसळतो व काही मिनिटांत संपतो. आपल्या देशातील रुग्णालयांत अशा घटना घडत आल्या आहेत. ‘हृदय बंद पडले’ एवढेच नातेवाइकांना सांगण्यात येते. शवविच्छेदन क्वचितच होते. घरचे लोक नशिबाला बोल लावतात, आणि हिशेब चुकता करून प्रेत ताब्यात घेतात.

यांतील कित्येक मृत्यूंचे मूळ हृदयात नसते, पायात असते. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी जमते, तिचा तुकडा सुटतो, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून पुढे जातो आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकतो. ही गुठळी कशाने होते, ती कशी टाळावी आणि झाल्यास काय करावे, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तरीही माणसे मरत असतील, तर प्रश्न केवळ शास्त्राचा उरत नाही. उपलब्ध असलेले शास्त्र कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत पोहोचू दिले जात नाही, हा तो प्रश्न होय. म्हणूनच या विषयाची चर्चा डॉक्टरांच्या परिषदांपुरती मर्यादित ठेवणे योग्य नाही.

तीन कारणे

रक्त हृदयातून पायाकडे जाते ते हृदयाच्या दाबाने. परंतु पायाकडून वर परतण्यासाठी त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते. हे काम प्रामुख्याने पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात, मधल्या शिरा दाबल्या जातात व रक्त वर ढकलले जाते. शिरांतील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. पाय हालेनासा झाला की हा पंप बंद पडतो आणि झडपांच्या खळग्यांत रक्त साचून राहते.

रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे होत. खुब्याची वा गुडघ्याची शस्त्रक्रिया, मांडीचे हाड मोडणे, पक्षाघात, दीर्घ आजारात खाटेला खिळून राहणे, कर्करोग, गरोदरपण व बाळंतपण, काही गर्भनिरोधक गोळ्या, लठ्ठपणा, उतारवय, पूर्वी एकदा गुठळी होऊन गेलेली असणे, या साऱ्या गोष्टी या तीनपैकी एका किंवा अनेक वाटांनी धोका वाढवितात. काही कुटुंबांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती जन्मजातही असते. बहुधा एकच कारण पुरेसे ठरत नाही. दोन-तीन एकत्र आली की गुठळी जमते. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तर तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात.

ही त्रिसूत्री वैद्यकशास्त्रात रुडॉल्फ विर्चो या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. फुप्फुसात सापडणारी गुठळी तेथेच तयार होत नसून दूरच्या शिरेतून वाहत येते, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रयोगांनी दाखवून दिले. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, हा २०१४ पासून जागतिक रक्तगुठळी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मोठ्या रुग्णालयांत व्याख्याने होतात, फलक लागतात. पण विर्चोंच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग या फलकांवर सहसा नसतो.

१८४८ च्या आरंभी प्रशियाच्या सरकारने या तरुण डॉक्टरला वरच्या सिलेशियात टायफसची साथ पाहण्यास पाठविले. तेथे पोलिश भाषा बोलणारे दरिद्री शेतकरी व विणकर भुकेने आणि तापाने मरत होते. सरकारला एखादा तांत्रिक अहवाल अपेक्षित होता. विर्चोंनी लिहिले ते वेगळेच. साथीवरचा इलाज म्हणून त्यांनी लोकशाही, जनतेच्या मातृभाषेत शिक्षण, स्थानिक स्वराज्य, रस्ते, शेतीची सुधारणा आणि गरिबांवरील करांचा बोजा हलका करणे, अशी यादी सादर केली. त्यानंतर ते बर्लिनला परतले आणि त्याच मार्चमध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या क्रांतिकारकांच्या तटबंदीत सामील झाले. पुढल्या वर्षी त्यांना बर्लिनमधील नोकरी सोडावी लागली. वैद्यकशास्त्र हे सामाजिक शास्त्र आहे, असे ते मानीत. ते मार्क्सवादी नव्हते, उदारमतवादी होते. तथापि, सूक्ष्मदर्शकाखाली रोगाची पेशी पाहणारा हा माणूस रोगाची सामाजिक मुळेही तितक्याच स्वच्छपणे पाहत होता. त्यांची त्रिसूत्री घ्यायची आणि सिलेशियाचा अहवाल विसरायचा, हा व्यवहार सोयीचा आहे, परंतु प्रामाणिक नाही.

लंडनची आश्रयस्थाने

गुठळीच्या सामाजिक मुळांचे एक बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील लंडनने दिले. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडू लागले. हजारो लोक तळघरांत व आश्रयस्थानांत रात्रभर बसून राहू लागले. आडवे होण्यास जागा नव्हती. अनेकजण कापडी बैठकीच्या घडीच्या खुर्च्या घेऊन जात. या खुर्चीच्या पुढल्या कडेची लाकडी दांडी मांडीच्या मागल्या बाजूस रुतते आणि शिरा दाबून धरते. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यकतज्ज्ञांनी त्या वर्षाच्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोंदविले की, फुप्फुसात गुठळी अडकून होणारे आकस्मिक मृत्यू आधीच्या वर्षाच्या तुलनेत कितीतरी पटींनी वाढले असून, मृतांपैकी बहुतेकजण अशा आश्रयस्थानांत रात्री काढीत होते. त्यांनी सुचविलेला उपाय साधा होता : खुर्च्या काढा आणि झोपण्यासाठी फळ्यांच्या खाटा बसवा.

परंतु माणसांना अशा कोंदट तळघरांत बसण्याची पाळी का आली? बॉम्बवर्षावापासून खरे संरक्षण देणारी खोल आश्रयस्थाने बांधावीत, अशी मागणी जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्पेनच्या यादवी युद्धातील अनुभवाच्या आधारे १९३८ मध्येच पुस्तक लिहून केली होती. ब्रिटिश कम्युनिस्टांनी त्यासाठी मोहीम चालविली. सरकारने ती मागणी फेटाळली. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या पूर्व भागातील कामगार वस्त्यांतील लोकांनी सरकारी मनाई न जुमानता भुयारी रेल्वेची स्थानके ताब्यात घेतली, आणि सॅव्हॉय या श्रीमंतांच्या हॉटेलातील सुसज्ज आश्रयस्थानात फिल पिराटिन यांच्या नेतृत्वाखाली ते घुसले, तेव्हा कुठे सरकार हलले. तेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे मरण पावले.

हा प्रकार युद्धापुरता नाही. २००४ मध्ये जपानच्या निगाता प्रांतात आणि २०१६ मध्ये कुमामोतो येथे भूकंप झाले, तेव्हा घरे सोडून आपल्या मोटारींत रात्री काढणाऱ्या लोकांमध्ये हेच मृत्यू दिसून आले. आपत्तीत छपरासोबत पाय पसरण्याइतकी जागा, पिण्याचे पाणी आणि विशेषतः स्त्रियांसाठी संडास पुरविणे हाही वैद्यकीय उपायच आहे. पूर, चक्रीवादळ व भूकंप यांच्या निवारा केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

विमानाचा प्रवासी आणि बाकी सारे

या रोगाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती मात्र विमानप्रवाशांमुळे. २००० साली लांबच्या प्रवासानंतर झालेल्या एका मृत्यूने पाश्चात्त्य वृत्तपत्रांत खळबळ उडाली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने संशोधन हाती घेतले आणि २००७ मध्ये निष्कर्ष जाहीर केला : चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास धोका सुमारे दुप्पट होतो, आणि तो विमानापुरता नसून बस, रेल्वे व मोटार यांनाही लागू आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत हा धोका सुमारे सहा हजारांत एक इतकाच, म्हणजे मुळात लहान आहे. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु शिकण्याचे कारण निश्चित आहे. दोष विमानाचा नसून अनेक तास गुडघे दुमडून, जागचे न हलता बसण्याचा आहे.

मग दिवसाचे दहा-बारा तास जागचे न हलता काम करणाऱ्यांचे काय? शिलाई यंत्रावर वाकलेली कामगार स्त्री, स्टिअरिंगमागचा ट्रकचालक, संगणकासमोर रात्रपाळी करणारा तरुण, यांचे पाय कोणाच्या नजरेस पडतात? २००३ मध्ये न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी संगणकासमोर तासन्‌तास बसणाऱ्या एका तरुणाला झालेली जीवघेणी गुठळी नोंदविली, तेव्हा या प्रश्नाकडे थोडे लक्ष गेले. दुसरीकडे, दुकानांत दिवसभर उभे राहावे लागणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांच्या पायांच्या वरवरच्या शिरा फुगतात, आणि अशा फुगलेल्या शिरा हे पुढे खोल शिरांतील गुठळीचेही एक जोखीम-कारण असते. बसणे वाईट आणि उभे राहणेही वाईट, असा हा विरोधाभास वाटेल. प्रत्यक्षात विरोधाभास नाही. शरीराला हवी असते ती हालचाल आणि हालचाल करण्याचे स्वातंत्र्य. हे स्वातंत्र्य कामगाराच्या हाती नसते. ते पर्यवेक्षकाच्या हाती असते.

केरळातील दुकान-कामगार स्त्रियांनी दीर्घ लढा देऊन २०१८ मध्ये कामाच्या ठिकाणी बसण्याचा हक्क कायद्यात लिहून घेतला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. एक स्टूल मिळविण्यासाठी कायदा करावा लागतो, यातच मालकशाहीचे खरे रूप दिसते. आणि महाराष्ट्रात काय चालले आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांपर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली. गुंतवणूक आणि उत्पादकता यांची भाषा त्यासाठी वापरण्यात आली. शिरांची, कण्याची आणि झोपेची भाषा कोणी वापरली नाही. आठ तासांच्या दिवसाची लढाई ही मजुरीइतकीच शरीराचीही लढाई होती, याचा विसर कामगार चळवळीला परवडणारा नाही.

बाळंतीण

गरोदरपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती निसर्गतःच वाढते, कारण प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव आटोक्यात यावा लागतो. वाढलेले गर्भाशय ओटीपोटातील शिरांवर दाब आणते. त्यामुळे या काळात गुठळीचा धोका चार-पाच पटींनी वाढतो, आणि तो सर्वाधिक असतो तो प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत. पोट उघडून प्रसूती केल्यास तो आणखी चढतो.

येथे दोन शक्ती स्त्रीच्या विरोधात काम करतात. एक जुनी रूढी : बाळंतिणीने सव्वा महिना खाटेवरून फारसे उतरू नये, पाणी कमी प्यावे. विश्रांती व पौष्टिक अन्न हवेच. कष्टकरी स्त्रीला तर ते मिळतच नाही. पण खाटेला बांधून ठेवणे आणि तहानलेले ठेवणे म्हणजे विश्रांती नव्हे. दुसरी शक्ती नवी आहे, आणि ती बाजाराची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी संस्थांत ४७.४ टक्के होते. एकाच देशातील स्त्रियांच्या शरीररचनेत दवाखान्याच्या पाटीनुसार एवढा फरक पडत नाही. ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची गरज आहे तिला ती मिळालीच पाहिजे. दुर्गम भागांत ती न मिळाल्याने आजही माता दगावतात. परंतु गरज नसताना केलेली प्रत्येक शस्त्रक्रिया एका निरोगी स्त्रीला गुठळीच्या अधिक जवळ नेऊन सोडते, हेही तितकेच खरे आहे.

संयुक्त हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही धोका वाढतो, तथापि तो गरोदरपणातील धोक्याहून कमीच राहतो. म्हणून या गोळ्यांविरुद्ध आरडाओरड करणे चुकीचे आहे. स्त्रीला व तिच्या घराण्यात कोणाला पूर्वी गुठळी झाली होती काय, एवढे विचारून मगच गोळी देणे, हा खरा उपाय आहे.

ओळख आणि उपचार

लक्षणे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावीत. एकाच पायाला सूज येणे, पोटरी दुखणे, पाय गरम व लालसर होणे, ही खोल शिरेतील गुठळीची चिन्हे होत. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, थुंकीतून रक्त पडणे, घेरी येऊन पडणे, ही गुठळी फुप्फुसात गेल्याची चिन्हे असू शकतात, आणि तेव्हा एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. काही वेळा पायात कोणतेही लक्षण न दिसता पहिले चिन्ह थेट छातीत उमटते. निदान अवघड नाही : डॉक्टरने केलेली पद्धतशीर तपासणी, संशय कमी असल्यास डी-डायमर ही रक्ततपासणी, आणि शिरांची सोनोग्राफी. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. अशा सुजलेल्या पायाला तेल लावून जोराने रगडण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. त्या दाबाने गुठळी सुटण्याचा धोका असतो.

उपचार म्हणजे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती औषधाने कमी करणे. या औषधांनी गुठळी वाढत नाही व नवी होत नाही. जुनी शरीर स्वतःच हळूहळू विरघळविते. १९६० मध्ये ब्रिस्टल येथील बॅरिट व जॉर्डन या डॉक्टरांनी फुप्फुसात गुठळी अडकलेल्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत उपचार न मिळालेल्या १९ पैकी ५ जण त्याच रोगाने दगावले, उपचार मिळालेल्या १६ पैकी एकही नाही. चाचणी तेथेच थांबविण्यात आली. त्यापुढे कोणाला उपचाराविना ठेवणे अनैतिक ठरले असते. आज साधारणपणे किमान तीन महिने औषध द्यावे लागते, काहींना आयुष्यभर. प्राण संकटात असल्यास गुठळी विरघळविणारी औषधेही देतात. पण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

रुग्णाने औषध आपल्या मनाने बंद करू नये व वेदनाशामक गोळ्या डॉक्टरला न विचारता घेऊ नयेत. लघवीतून, शौचातून किंवा हिरड्यांतून रक्त आल्यास ताबडतोब कळवावे. वॉरफॅरिन घेणाऱ्याने आय.एन.आर. ही रक्ततपासणी नियमित करावी, आणि पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये. गरोदर स्त्रीला वॉरफॅरिन गर्भाच्या दृष्टीने घातक आहे. तिला हेपॅरिन देतात.

औषधे कोणी शोधली, भाव कोण ठरवितो

या औषधांचा इतिहास उद्बोधक आहे. हेपॅरिनचा शोध १९१६ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला काम करताना लागला. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. बुरशी आलेले स्वीट क्लोव्हर नावाचे गवत खाल्ल्याने हे होते, असे पशुवैद्यांनी ओळखले. पण मंदीच्या काळात दुसरा चारा घेण्याची ऐपत शेतकऱ्यांत नव्हती. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताचे भांडे घेऊन सरकारी विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. काही वर्षांच्या परिश्रमांनंतर त्या गवतातील द्रव्य हाती लागले. त्यातूनच वॉरफॅरिन निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. म्हणजे शोधाच्या मुळाशी शेतकऱ्याचे दारिद्र्य, सार्वजनिक विद्यापीठ आणि सामूहिक श्रम आहेत. नफ्याची आकांक्षा तेथे आरंभी तरी कोठे दिसत नाही.

२००८ नंतर आलेल्या रिवरॉक्सॅबान, अपिक्सॅबान यांसारख्या गोळ्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. ज्या तालुक्यात प्रयोगशाळाच नाही तेथील रुग्णाला त्या सर्वाधिक उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हा औषधवर्ग आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतला. परंतु पेटंट चालू असेतोवर त्या गरिबाच्या आवाक्याबाहेर राहिल्या. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर पेटंट नाकारले होते, आणि त्याच बळावर भारतीय औषधउद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींखाली २००५ मध्ये ती तरतूद गेली. भारतात रिवरॉक्सॅबानचे पेटंट २०२० च्या अखेरीस संपले, तेव्हा अनेक कंपन्यांनी ते बनविण्यास आरंभ केला आणि भाव खाली आले. गोळीतील रसायन तेच होते. बदलली ती केवळ मालकी.

हेपॅरिनची गोष्ट वेगळ्या दिशेने तोच धडा देते. हे औषध आजही डुकराच्या आतड्यांच्या अस्तरापासून काढतात आणि जगातील कच्च्या मालाचा मोठा भाग चीनमधून येतो. २००८ मध्ये त्यात स्वस्त रसायनाची भेसळ झाल्याने अमेरिकेत अनेक रुग्ण दगावले. २०२० च्या जूनमध्ये, कोविडच्या रुग्णांना हेपॅरिनची सर्वाधिक गरज असताना, कच्चा माल महागल्याचे कारण देऊन आपल्या औषध-किंमत प्राधिकरणाला त्याची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढविण्यास परवानगी द्यावी लागली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि १९६१ मध्ये आय.डी.पी.एल. स्थापन करणाऱ्या देशाने आपला सार्वजनिक औषधउद्योग कोमेजू दिला, त्याची ही किंमत होय.

टाळता येणारे मृत्यू

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट उपचाराची नाही, प्रतिबंधाची आहे. १९७५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक विजय काकर यांच्या नेतृत्वाखाली चार हजारांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. हेपॅरिनची अल्प मात्रा मिळालेल्या गटात फुप्फुसातील गुठळीने २ मृत्यू झाले, न मिळालेल्या गटात १६. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लोटली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२ देशांतील ३५८ रुग्णालयांच्या पाहणीत, दाखल झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना गुठळीचा धोका असल्याचे आढळले. भारतात अशा धोक्यातील रुग्णांपैकी पाचातल्या एकालाही शिफारस केलेला प्रतिबंधक उपाय मिळत नव्हता. भारतीयांना हा रोग फारसा होत नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थांनी नोंदी ठेवल्या तेव्हा तो टिकला नाही. जेथे सोनोग्राफी नाही आणि शवविच्छेदनही नाही, तेथे रोग दिसणार कसा?

प्रतिबंध म्हणजे केवळ इंजेक्शन नव्हे. शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर रुग्णाला उठवून चालविणे, खाटेवर असताना घोट्यांची हालचाल करविणे, पुरेसे पाणी देणे, जोखीम तपासून ज्याला आवश्यक त्यालाच औषध देणे आणि ज्याला रक्तस्रावाचा धोका आहे त्याच्या पायांवर हवेच्या दाबाचे पट्टे लावणे, असा तो एकत्रित कार्यक्रम आहे. त्याला सर्वाधिक लागतात ती माणसे. ज्या वॉर्डात एका परिचारिकेवर पन्नास-साठ रुग्ण सोपविलेले असतात, तेथे म्हाताऱ्या रुग्णाला हाताला धरून चार पावले चालविणार कोण? जागा रिकाम्या ठेवायच्या, असलेल्या कंत्राटी पद्धतीने भरायच्या, आणि रुग्ण मेला की नशिबावर ढकलायचे, हा क्रम चालू आहे.

हे बदलता येते, याचा पुरावा इंग्लंडने दिला. रुग्णालयांतील या रोगाने तेथे दरवर्षी सुमारे २५ हजार माणसे मरतात, असा अंदाज संसदेच्या आरोग्य समितीने २००५ मध्ये मांडला. २०१० पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची जोखीम तपासणे बंधनकारक केले आणि काही वर्षांतच हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले. एका कागदावरची ही तपासणी देशभर होऊ शकली, कारण तेथे रुग्णालयांचे एक सार्वजनिक जाळे होते. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. २०२१-२२ मध्येही एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट आपल्या खिशातून उचलला.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, हा डॉक्टरांचा विषय आहे, त्यात राजकारण कशाला? त्याचे उत्तर वर आले आहे. कामाचे तास विधिमंडळ ठरविते, परिचारिकांची पदे अर्थसंकल्प ठरवितो, औषधाचा भाव पेटंट कायदा ठरवितो. राजकारण तेथे आधीच हजर आहे. गैरहजर आहे ती जनता.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल : सारा दोष भांडवलशाहीचा, तेव्हा व्यवस्था बदलल्याखेरीज काही होणार नाही. हेही खरे नाही. गुठळी जन्मजात दोषाने होते, कर्करोगाने होते, सुखवस्तू माणसालाही होते. समाजवादी व्यवस्थेतही मांडीचे हाड मोडेल आणि रक्त गोठेल. निसर्गाचे नियम घोषणांनी बदलत नाहीत. परंतु त्या नियमांचे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडावे, हे समाज ठरवितो. त्याचप्रमाणे, प्रत्येक रुग्णाला सरसकट औषध द्या, ही मागणीही चुकीची ठरेल. गरज नसलेल्याला रक्तस्राव होईल आणि फायदा औषध-कंपन्यांचा होईल. निरोगी लोकांना डी-डायमरच्या तपासण्या विकणाऱ्या प्रयोगशाळांपासूनही सावध राहिले पाहिजे.

काय मागावे, काय करावे

प्रत्येक सरकारी व खाजगी रुग्णालयात दाखल रुग्णाची गुठळीची जोखीम तपासणे कायद्याने बंधनकारक करावे. शस्त्रक्रियेनंतरच्या अशा मृत्यूंची नोंद व चौकशी व्हावी. हेपॅरिन, वॉरफॅरिन आणि नव्या गोळ्या जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत मोफत मिळाव्यात, आणि जिल्हा रुग्णालयांत शिरांच्या सोनोग्राफीची सोय चोवीस तास असावी. परिचारिकांच्या सर्व जागा कायम स्वरूपात भराव्यात. हेपॅरिनच्या कच्च्या मालाचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात सुरू करावे. बसण्याचा, उठण्याचा आणि मध्ये विश्रांती घेण्याचा हक्क देशभरच्या कामगारांना कायद्याने मिळावा, आणि कामाचा दिवस वाढविण्याचे निर्णय मागे घ्यावेत.

कामगार संघटनांनी कारखान्यांतील सुरक्षा समित्यांत हा प्रश्न मांडावा. महिला संघटनांनी आशा कार्यकर्त्यांच्या मदतीने बाळंतिणींपर्यंत ही माहिती न्यावी. सभा-अधिवेशनांसाठी दोन-दोन रात्री बसून प्रवास करणाऱ्या वयस्क कार्यकर्त्यांनी दर दीड-दोन तासांनी उठून चार पावले टाकावीत, घोटे हालवावेत, पाणी पीत राहावे. आणि पूर्वी कधी गुठळी झालेली असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरचा सल्ला घ्यावा. पाय सुजला असता ‘प्रवासाचा शीण आहे’ म्हणून काम रेटीत राहणे हा त्याग नव्हे. तो चळवळीला परवडणारा निष्काळजीपणाही नव्हे. आणि एखादा साथी वा शेजारी शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाला, तर ‘यांची गुठळीची जोखीम तपासली काय?’ हा प्रश्न तेथील डॉक्टरला नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावा.